नखांचा हंगाम

२० मे २०२४ रोजी नाशिककरांच्या डाव्या तर्जनीला लोकसभेच्या मतदानाची शाई लागली आणि बरोबर सहा महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतदानाची. नखाच्या हिशेबानं हे अंतर अगदी नेमकं होतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकाला यायला त्याला पाच-सहा महिने लागतात. मे महिन्यातल्या शाईचा शेवटचा अंश नखाबरोबर कापला गेला, तोवर दुसऱ्या शाईची वेळ आली. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यात तयार होणारी ही शाई सिल्व्हर नायट्रेटची असते. उजेड लागला की ते काळं पडतं. कातडीवरची खूण पंधराएक दिवसांत जाते, कारण कातडी झडत असते. नख झडत नाही, पुढं सरकतं. लिंबू घासा, चुना घासा, दगडानं खरवडा, नखात मुरलेली शाई आपल्या चालीनंच जाते.

नखांच्या रंगांविषयी बोलायचं तर मला या शाईपासूनच सुरुवात करावीशी वाटते. प्रत्येकानं हा डाग स्वतःच्या बोटावर पाहिलेला असतो, तो कुठून आला हे माहीत असतं, आणि म्हणून त्याची भीती वाटत नाही. नखावर दुसरा कुठलाही रंग दिसला की मात्र जीव धास्तावतो किंवा मग आपण त्याच्याकडे पार दुर्लक्ष करतो. मधली वाट फार थोड्या लोकांना सापडते.

दिसतं ते नख म्हणजे केराटिनचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा निर्जीव, जवळजवळ पारदर्शक पापुद्रा. त्याचं जिवंत मूळ मागे कातडीखाली असतं. अंगठ्यावर पांढुरकी चंद्रकोर दिसते ना, ते त्या मुळाचं पुढचं टोक. आणि नखाला आपण गुलाबी म्हणतो तो गुलाबी त्याचा स्वतःचा नव्हे, खालून वाहणाऱ्या रक्ताचा. त्यामुळे नखाचा रंग बदलला की पहिला प्रश्न एकच: हा रंग नखावर बसला आहे, नखात मुरला आहे, की नखाखालून दिसतो आहे?

नाशिक जिल्ह्यात वरून बसणाऱ्या रंगांना तोटा नाही. सिन्नरला पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या गेल्या. वळणाऱ्या बाईनं आयुष्यात कधी विडी ओढलेली नसली तरी तंबाखूचा पिवळट-तपकिरी रंग तिच्या बोटांच्या टोकांवर कायम असायचा. येवल्यात पैठणीचं रेशीम रंगवणाऱ्याच्या हातावरून आज कुठला रंग उकळला ते कळतं. लासलगाव, पिंपळगावच्या खळ्यांवर दिवसभर कांदा निवडणाऱ्या बायकांच्या नखांच्या कडा पिवळट होतात, कारण कांद्याच्या सालीत मुळातच पिवळा रंग असतो, कापड रंगवता येईल इतका पक्का. साठवणीच्या कांद्यावर काळी बुरशी असली तर नखाखाली काजळासारखी रेघ जमते. आपल्या घरातली हळद तर सगळ्यांच्या ओळखीची. लोणच्याच्या दिवसांत पिवळी झालेली नखं साबणानं धुतली की क्षणभर लालसर होतात, कारण हळद क्षाराला लागली की लाल होते. कुंकू असंच होतं. हळदीचा डाग घासून काढण्यापेक्षा हात थोडा वेळ उन्हात धरावा. उन्हानं हळद उडते, हे वाळवणं घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं.

पण या जिल्ह्यातला नखांचा मोठा हंगाम द्राक्षाचा.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दिंडोरी, निफाड, चांदवडकडे गोडी छाटणी सुरू होते. छाटलेल्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. कुठली काडी झाली, कुठली राहिली हे कळावं म्हणून तिच्यात लाल रंग कालवलेला असतो. स्पंजचा तुकडा बोटांत धरायचा, डब्यात बुडवायचा आणि डोळ्यामागून डोळा पुसत ओळीनं पुढं सरकायचं. छाटणीनंतर एक-दोन दिवसांत हे उरकावं लागतं, म्हणून घाई असते. हे रसायन कातडी भाजतं, आणि त्या दिवसांत कुणी दारू घेतली तर चेहरा लालबुंद होऊन, छाती धडधडून माणूस आडवा होऊ शकतो; मजुरांच्या टोळीचे मुकादम तेवढी ताकीद न चुकता देतात. हातमोज्यांचं मात्र तसं नाही. दिलेले असतातही, पण बहुतेक पुरुषांच्या मापाचे. बायकांच्या बारीक बोटांवर ते ढिले होतात, काडीला अडकतात, आत घाम साचतो. दुपारी बघावं तर मोजे बांधावर आणि लाल बोटं काडीवर.

पुढं फवारण्या सुरू होतात. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण कालवणाऱ्याच्या नखांवर निळसर हिरवी झाक येते. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्दो शहराकडचं. रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं वाटसरूंनी तोडू नयेत म्हणून तिथले लोक वेलींवर काहीतरी निळं शिंपडत असत. त्याच वेली डाऊनी रोगातून वाचल्या, हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यानं त्याचं औषध केलं. तो निळा रंग इतक्या वर्षांनी आपल्या ओझर-पिंपळगावच्या हातांवर दिसतो. मोरचुदाचा डाग वरवरचा असतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. तणनाशकाची गोष्ट वेगळी. पॅराक्वाटसारखं औषध पातळ न करता हातावर सांडलं आणि लगेच धुतलं नाही तर नखावर पांढरे-पिवळे पट्टे पडतात, नख वेडंवाकडं होतं, कधी गळून पडतं. तिथं डाग काढायच्या उपायांना अर्थ नसतो. ती नखाला झालेली इजा असते.

रंग बाहेरचा की आतला हे ओळखायची एक खूण त्वचारोगतज्ज्ञ वापरतात आणि ती कुणालाही वापरता येईल इतकी सोपी आहे. डागाची मागची कड बघायची. बाहेरून लागलेला रंग नखाच्या मुळाशी जिथं कातडी सुरू होते तिथं अडतो, म्हणून त्याची कड त्या कातडीच्या वळणानं जाते. शरीरातून आलेल्या रंगाची कड चंद्रकोरीच्या वळणानं जाते. ही दोन्ही वळणं एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो. त्यावरही शंका राहिली तर डागाच्या कडेशी नखावर बारीक ओरखडा काढून ठेवावा आणि महिन्यानं बघावं. डाग ओरखड्याबरोबर पुढं गेला असेल तर तो नखात आहे. ओरखडा पुढं गेला आणि डाग जागेवरच राहिला, तर तो नखाखालच्या मांसात आहे आणि मग डॉक्टरांकडे जायला हवं. विडी-सिगारेट सोडलेल्या माणसाच्या हातावर हे फार सुरेख बघायला मिळतं: टोकाकडे जुनं पिवळं नख, मुळाकडून येणारं स्वच्छ नख, आणि मधे एक रेघ. ती रेघ मोजून त्यानं कधी सोडली ते सांगता येतं.

अशीच दुसरी रेघ तापाची. डेंग्यू, न्यूमोनिया, मोठं ऑपरेशन अशा प्रसंगी शरीर आपली ताकद जिवासाठी राखून ठेवतं, नखाची वाढ थोडे दिवस थांबते, आणि पुन्हा सुरू झाली की नखावर आडवी खोबण उरते. झोझेफ बो या फ्रेंच वैद्यानं १८४६ मध्ये या खोबणींचं वर्णन केलं, त्यांना आजही त्याचंच नाव आहे. खोबण मुळापासून सहा मिलिमीटर पुढं आली असेल तर आजारपण दोन महिन्यांपूर्वीचं. आता नाशिकचा काळ यावर बसवून बघा. पावसाळा संपता संपता इथं डेंग्यू-चिकुनगुनियाचे ताप येतात, त्याच सुमारास छाटणी असते. ऑक्टोबरात छाटलेल्या बागेचा माल फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतो. ऑक्टोबरात मुळाशी उगवलेलं नखही साधारण तेव्हाच टोकाला येतं. म्हणजे घड काढणाऱ्या हातांच्या नखांच्या टोकावर छाटणीच्या वेळचं आजारपण असतं. अंगात ताप असताना कामावर गेलेल्या बाईचा तो ताप कुठल्या हजेरीपत्रकात नसतो, पण मार्च महिन्यात तो तिच्या नखाच्या कडेला दिसतो. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा बाजारातल्या क्रेटकडे बघताना बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

नखं पिवळी, जाड, ठिसूळ होऊन खालून भुगा पडायला लागला तर बहुतेकदा ती बुरशी असते. पायाच्या नखांत ती जास्त, आणि ओल्या मातीत, गमबुटांत दिवस काढणाऱ्यांत आणखी जास्त. इथं मला नेहमी एका गोष्टीचं आश्चर्य वाटतं. बुरशीविषयी आपल्या बागाईतदाराइतकं जाणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पानावरची भुरी तो पहाटेच्या उजेडात ओळखतो. कुठल्या गटाचं औषध कधी मारायचं, किती मारायचं, गट बदलून का मारायचं हे त्याला तोंडपाठ असतं. असंच एकदा एका बागाईतदारांच्या ओट्यावर बसले होते. फवारणीचं वेळापत्रक समजावून सांगताना काकांचे पाय समोर होते आणि दोन्ही अंगठ्यांची नखं पिवळी, शिंपल्यासारखी जाड झालेली.

“काका, ह्याला काही लावता का?”

“त्याला काय लावायचं? वय झालं आता.”

वय झालं म्हणून भुरी आलेली वेल त्यांनी सोडून दिली नसती. भुरीवर जी ट्रायअॅझोल गटातली औषधं फवारतात, हेक्साकोनॅझोल किंवा डायफेनोकोनॅझोल, त्यांची आणि माणसाच्या नखाला देतात त्या इट्राकोनॅझोलची काम करायची रीत एकच आहे: बुरशीच्या पेशीचं आवरण ज्या पदार्थानं बनतं तो तयारच होऊ द्यायचा नाही. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते पाय जवळ घेऊन पहिल्यांदा नीट नखाकडे बघू लागले. मग विचारलं, “किती दिवसांचा कोर्स?”

हा प्रश्न बागाईतदाराचाच, आणि बरोबर. आधी नखाचा खरवडलेला भुगा तपासून बुरशीच आहे ना ते बघायचं, कारण सोरायसिसनंही नख असंच दिसतं. बुरशी असेल तर टर्बिनाफिनच्या गोळ्या हाताच्या नखाला सहा आठवडे, पायाच्या नखाला बारा आठवडे. यकृताची तपासणी करून, डॉक्टरांच्या सांगण्यानं. थोडीच लागण असेल तर नखावर लावायचं लाखेसारखं औषध. गोळ्या संपल्या तरी नख सुधारलेलं दिसायला पायाला वर्ष, दीड वर्ष लागतं, कारण खराब नख बरं होत नसतं, मागून नवं यावं लागतं. मधुमेह असलेल्यांनी तर वाटच बघू नये. त्यांच्या पायाच्या नखातली भेग पुढं फार महागात पडते. आणि औषधाच्या दुकानातून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावूच नये. खाज थांबते, बुरशी पसरते. अशी मलमं आणि अर्धवट सोडलेले कोर्स यांतून आपल्या देशात टर्बिनाफिनलाही दाद न देणारी नायट्याची बुरशी फोफावली आहे. एकाच गटाचं औषध कमी-जास्त मारत राहिलं की भुरी कशी निर्ढावते हे जाणणाऱ्याला यापेक्षा वेगळं काही सांगावं लागत नाही.

बाकीचे रंग मी थोडक्यात सांगते. सतत पाण्यात हात असणाऱ्या, घरोघरी भांडी घासणाऱ्या बायकांचं नख मांसापासून सुटतं आणि त्या फटीत हिरवा रंग धरतो. तो जंतूंचा असतो. सुटलेला भाग कापून, नख कोरडं ठेवून, आत सुती आणि वर रबरी मोजा घालून तो आटोक्यात येतो. नखाच्या कडेला वारंवार होणाऱ्या नखुरड्याचं मूळही याच ओलीत असतं. नखांवरचे बारीक पांढरे ठिपके दिसले की नवे कपडे मिळणार, असं आम्हाला लहानपणी सांगायचे; ते मुळाला लागलेल्या छोट्या धक्क्यांचे असतात, आणि त्यांच्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या घेण्याचं काही कारण नसतं. बोटांच्या पेरांबरोबर नखंही काळसर निळी दिसू लागली, जीभ लाल गुळगुळीत झाली, हातपाय मुंग्यांनी भरून आले, तर बी-१२ तपासावं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केलेल्या कामामुळे आपल्याकडे, त्यातही शाकाहारी घरांत, या जीवनसत्त्वाची कमतरता किती पसरलेली आहे ते समोर आलं. ओठांसकट नखं निळी झाली तर प्राणवायू कमी पडतोय आणि तिथं घरगुती उपायांचं नाव काढू नये. करोनाच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावलेलं ऑक्सिमीटर नखातूनच उजेड पाठवून रक्ताचा रंग वाचत होतं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची ती १९७४ ची कल्पना, आणि तिची गरज साऱ्या जगाला लागली त्या २०२० च्या एप्रिलमध्येच ते गेले.

एका रंगाबद्दल मात्र घाई करावी. सावळ्या वर्णाच्या माणसांच्या नखांवर वयानुसार उभ्या तपकिरी रेघा येतात, अनेक नखांवर येतात, आणि त्या निरुपद्रवी असतात. पण एकाच नखावर नवी काळी रेघ आली, ती रुंदावत गेली, तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला, तर तो कर्करोग असू शकतो. गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालचा डाग आधी फुटबॉलची दुखापत वाटला. १९७७ मध्ये तो मेलानोमा असल्याचं निदान झालं आणि ११ मे १९८१ ला, वयाच्या ३६ व्या वर्षी, ते गेले. मार लागून नखात साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं आणि काही महिन्यांत निघून जातं. जो काळा रंग जागा सोडत नाही त्याला ‘ठेचलं असेल’ म्हणून सोडू नये.

इतके रंग सांगितले, पण मला ज्याबद्दल खरोखर बोलायचं आहे तो रंग नव्हेच. ते रंगाचं जाणं आहे.

माझी आजी कुणी माहेरवाशीण, कुणी नात्यातली मुलगी पाया पडायला आली की तिचा हात हातात घ्यायची आणि अंगठ्याचं नख दाबून सोडायची. दाबलं की नख पांढरं होतं, सोडलं की लाली परत येते. ती किती वेळात येते आणि किती येते हे बघून आजी काही न बोलता स्वयंपाकघरात जायची आणि अळिवाचा लाडू आणून हातावर ठेवायची. डॉक्टरही हेच करतात, दोन सेकंदांच्या आत लाली परतली पाहिजे असं म्हणतात. त्यावरून रक्ताभिसरण कळतं; लाली किती फिकी हे बघून पांडुरोगाचा, म्हणजे रक्तक्षयाचा, अंदाज येतो. चरकसंहितेत दोषांची लक्षणं सांगताना नख, डोळे, चेहरा यांचे रंग बरोबरीनं मोजलेले आहेत आणि पांडुरोगावर सांगितलेल्या औषधांत लोह आहे. इतक्या जुन्या काळापासून आपल्याला हे दिसत होतं, आणि त्यावर काय द्यायचं तेही माहीत होतं.

आणि तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे मधल्या वर्षांत ते वाढलं. रस्त्यानं चालताना समोरून येणाऱ्या दर दोन बायकांमधली एक. जास्त दिवस असंच राहिलं की नखं पातळ होतात, मधून खोलगट होतात, त्यात पाण्याचा थेंब ठरेल अशी. पण तिथवर जाण्याआधी कितीतरी महिने ती नुसती फिकट असतात, आणि फिकटपणाला डाग म्हणत नाहीत. त्यामुळे कुणी विचारत नाही.

गेल्या छाटणीत निफाडकडच्या एका बागेत एक मुलगी मला आपली बोटं दाखवत होती. सुरगाण्याची, लग्नाला वर्षही झालेलं नसावं. दिवाळीला घरी जायचं होतं आणि पेस्टचा लाल रंग तिला नको होता.

“ताई, हे कशानं जाईल?”

मी सांगितलं: तेल चोळ, मग कोमट पाणी आणि साबण, रॉकेल किंवा थिनर अजिबात नको, त्यानं कातडी फाटते आणि औषध आत जातं. उद्यापासून मोजा घाल, मोठा होत असेल तर मनगटाशी दोरी बांध. तरी थोडा राहील तो नखाबरोबर वाढून जाईल. तिनं मान हलवली. बोलताना मी तिचा हात उलटा केला होता. उजव्या हाताची नखं लाल होती. डाव्या हातानं ती काडी धरत असे, त्या हाताला रंग लागलेला नव्हता. त्या नखांना कुठलाच रंग नव्हता. दाबून सोडलं तरी जी काही लाली आली ती येऊन न आल्यासारखी. खालची पापणी ओढून पाहिली, तीही तशीच.

“चढ चढताना धाप लागते?”

“लागते. सगळ्यांनाच लागते ना.”

सगळ्यांनाच लागते हे तिच्या टोळीपुरतं खरंही असेल. मी विचारत गेले तसं कळलं की सकाळी चहा आणि भाकर सोबतच होते, दुपारी भाकर आणि मिरचीचा ठेचा, रात्री बऱ्याचदा भात. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही; तोच चहा तासाभरानं घेतला, आणि जेवणावर लिंबू पिळलं किंवा आवळा खाल्ला, तर तेच अन्न जास्त उपयोगी पडतं. हे सांगताना मला बरं वाटत नव्हतं. पहाटे चारला उठून टोळीचा स्वयंपाक करणाऱ्या मुलीला चहा कधी प्यावा ते सांगणं सोपं असतं. शेवग्याचा पाला, हरभरा, तीळ, गूळ, अळीव, अंडी, मटण हे सगळं तिलाही ठाऊक होतं. गावी शेवगा दारात आहे म्हणाली. इथं पाल घालून राहणाऱ्याला दार कुठलं.

आणखी एक गोष्ट मी तिला सांगितली. सुरगाणा, पेठ, कळवण या पट्ट्यातल्या आदिवासी घरांत सिकलसेलही असतो. त्यातही नखं आणि डोळे फिके दिसतात, पण तिथं नुसत्या लोहाच्या गोळ्या उपाय नव्हे, उलट तपासल्याशिवाय त्या घेत राहणं बरं नाही. म्हणून आधी रक्त तपासायचं. लोह कमी निघालं तर गोळ्या सुरू केल्यावर शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरून सोडायच्या नाहीत. महिन्याभरात धाप कमी होते, म्हणून बायका तिथंच थांबतात. अंगातला साठा भरायला पुढं तीन महिने तरी लागतात.

युरोपात जाणाऱ्या आपल्या द्राक्षांची काटेकोर तपासणी होते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश जास्त निघाला म्हणून माल तिकडे अडला, तेव्हापासून तर प्रत्येक बागाईतदाराला ‘रेसिड्यू’ हा शब्द पाठ आहे. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, तिथल्या प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली नमुने तपासले जातात, मण्यात औषधाचा अतिसूक्ष्म अंशही सुटत नाही. याचा मला अभिमान आहे, ते कष्टानं कमावलेलं नाव आहे. मला इतकंच हवं आहे की त्याच बागेत टोळी उतरली की त्या आठवड्यात एका आरोग्यसेविकेनं सुई आणि हिमोग्लोबिनचं यंत्र घेऊन बांधावर यावं. बोटाच्या एका थेंबाचं काम. आज होतं असं की या बायकांची नावं गावच्या यादीत असतात आणि त्या गावात नसतात. जिथं असतात तिथल्या यादीत नावं नसतात. बागाईतदाराला हंगामाच्या आधी स्पंज, ब्रश, पेस्ट, रंग आणावाच लागतो. त्या यादीत बायकांच्या मापाचे मोजे आणि शेंगदाणे-गुळाची एक गोणी वाढली तर एकरी खर्चात ते कुठं दिसणारही नाही. ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या दोघांनी हे मनावर घेतलं आहे.

त्या मुलीला वाटत होतं की गोळ्या फक्त गरोदर बाईला देतात आणि त्याही आपल्या गावीच. “इथं आम्हाला कोण देणार?” असं तिनं विचारलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, कुठल्या गावची म्हणून कुणी परत पाठवत नाही, हे मी तिला दोनदा सांगितलं आणि केंद्र कुठं आहे ते मुकादमाला दाखवलं. तिनं शेजारच्या ओळीत वाकलेल्या जावेला हाक मारली आणि बाजाराच्या दिवशी दोघींनी जायचं ठरवलं. मग जावेनंही स्पंज डब्यात टाकून आपला डावा हात माझ्यापुढं धरला.